साठ किलोचा चॅम्पियन

चार वेळा बॉक्सिंगचा चॅम्पियन झाला, तरी घरात तो बारक्याच राहिला. जन्मला तेव्हा मूठभर होता, म्हणून थोरल्या बहिणीनं ठेवलेलं नाव. आई लवकर गेली, वाढवलं ताईनंच. पुढे त्याचे खांदे दारात मावेनासे झाले, तरी ती ओरडायची, "बारक्या, पाय पुसून आत ये!" आणि भल्याभल्यांना आडवं करणारा हा गडी निमूट पाय पुसायचा.

त्याचा गट साठ किलोचा. एकविसाव्या वर्षी ठीक होतं हो! पण एकतिसाव्या वर्षी अडुसष्ट किलोचा माणूस साठात कोंबायचा, ही कुठली रीत? वरच्या गटात खेळू द्या म्हणून त्यानं बॉक्सिंग संघटनेला दोनदा अर्ज दिला. साधं उत्तरसुद्धा नाही! चॅम्पियन साठ किलोचा, पोस्टरं साठ किलोची छापलेली, मग माणसानंच मापात बसायला हवं ना! कोचही तेच म्हणायचा.

मग उरायची ताईची भट्टी. ताई इस्पितळाच्या धुलाईखात्यात मुकादम होती, आणि चादरी सुकवायच्या गरम खोलीला तिथं सगळे भट्टी म्हणत. स्पर्धेआधी वजन करायच्या दिवशी खातं बंद असलं, की बारक्या घाम गाळून वजन उतरवायला अंगावर प्लास्टिकचा सूट चढवून आत बसायचा. जेवण दोन दिवस बंद, पाणी आदल्या दिवसापासून बंद. आत जाताना ताईला बजावायचा, "मी कितीही गयावया केली तरी दार उघडायचं नाही. माझी शपथ आहे तुला." आणि दरवेळी गयावया करायचाच. "ताई, एक घोट दे गं!" ती मन घट्ट करून चादरींच्या घड्या घालत राहायची. जिंकून आला की हाच खिदळायचा, "बरं केलंस उघडलं नाहीस. काय कजाग बाई आहेस!" मग कोच त्याच्या रडण्याची नक्कल करायचा. सगळे पोट धरधरून हसायचे.

पाचव्या वेळी चाळीस मिनिटं झाली आणि आतून हाका सुरू झाल्या. नेहमीचंच, असं वाटलं. पण आज शब्द जड येत होते, आणि तो ताईला "आई, आई" करत होता. ताईनं हातातली चादर टाकली. किल्ली घेऊन ती धावली. कोच दाराला पाठ लावून उभा राहिला.

"अर्धाच किलो राहिलाय, ताई. आता उघडलंत तर वर्षभराची मेहनत मातीत जाईल. तोच तुम्हाला शिव्या घालेल."

"अहो, त्याचा आवाज ऐका!"

"दरवेळी असाच रडतो की! शपथ घातलीय ना त्यानं?"

ताई थांबली. थोड्या वेळानं हाका बंद झाल्या. "बघा, सावरला," कोच म्हणाला.

सावरला म्हणे! आणखी दहा मिनिटांनी ताईनं दार उघडलं, तर बारक्या फरशीवर पडलेला, अंग चटके बसतील इतकं तापलेलं आणि कोरडं ठाक. अंगणापलीकडेच इस्पितळ. डॉक्टर धावत आले, तेव्हा हा कोच त्यांना काय म्हणाला? "सलाइन बेतानं लावा, पाच वाजता वजन आहे." काय बोलायचं अशा माणसाला? पाच वाजायच्या आत बारक्या गेला.

शोकसभेत संघटनेनं भाषणं ठोकली. काय तर म्हणे, अखेरच्या श्वासापर्यंत तो खेळासाठी जगला! ताई खाली मान घालून ऐकत होती.

आठवड्यानं संघटनेचा सेक्रेटरी घरी आला. हातात टाइप केलेला कागद. 'खेळाडू स्वतःच्या इच्छेनं आत बसला. यात कोणाचाही दोष नाही.' खाली कोचची सही होती.

"तुम्हीही करा," तो मऊ आवाजात म्हणाला. "किल्ली तुमच्याकडे होती, ताई. चौकशी लागली तर नोकरी जाईल, तुरुंगही घडेल. कशाला उगाच?"

ताईनं पेन घेतलं. छापलेल्या दोन्ही ओळींवर काट मारली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'त्यानं पाणी मागितलं. कोचनं दार अडवलं. किल्ली माझ्या हातात होती, मी उघडलं नाही.' मग सही केली.

"अहो, हे काय लिहिलंत? द्या इकडे तो कागद!"

"हात लावून तर बघा," ताई म्हणाली, आणि कागद घेऊन तशीच पोलीस चौकीकडे चालू लागली.