मेंढ्यावरचं टिंब

शौकत उस्तादांसोबत बाहेर खायला जाणं म्हणजे त्यांच्या लेकीच्या, सुहाच्या, सहनशक्तीची परीक्षाच. पोटात कावळे ओरडत असले तरी उस्ताद आधी पाटी वाचणार, तिच्यातली चूक काढणार, आणि मगच घास तोंडात घालणार. यंदाही तेच झालं. अम्मानच्या बलदमध्ये, म्हणजे आमच्या शहराच्या जुन्या बाजारपेठेत, दर वसंतात कलेचा मेळा भरतो. तीन दिवस मोटारी बंद, रस्त्यात खाण्याच्या गाड्या, डोंगरावर चढणाऱ्या जिन्यांवर गाणंबजावणं आणि मोकळी सापडेल त्या भिंतीवर चित्रं. दुपार उलटल्यावर बापलेक घरून उतरले आणि पहिल्याच गाडीपाशी अडकले. फळ्यावर खडूनं 'फलाफल', म्हणजे हरभऱ्याचे तळलेले वडे, असं लिहिलं होतं. आमच्या अरबी लिपीत फ-वर टिंब लागतं.

"पोरी, हे कुणी लिहिलं?"

"मीच, अम्मो," गाडीवरची मुलगी म्हणाली. आमच्याकडे बापाच्या वयाच्या कुणालाही अम्मो म्हणतात.

"दुसऱ्या फ-वरचं टिंब कोण देणार? तुझा नवरा?"

"लग्न नाही झालं अजून."

"होणार कसं? पत्रिकेत नवऱ्याचं नाव भलतंच छापशील आणि दुसराच कुणीतरी घोड्यावर बसून येईल."

मुलीनं हसत हसत टिंब दिलं आणि उस्तादांच्या कागदात एक फलाफल जास्तीचं टाकलं. "बाबा, आज तरी राहू द्या हो," सुहा पुटपुटली, पण ऐकणार कोण? पुढे चिंचेच्या सरबतवाल्याची चूक निघाली, मग मक्याच्या कणसांची. सुहानं कुनाफ्याची, म्हणजे चीज घातलेल्या मिठाईची, ताटली मात्र पाटी नसलेल्या गाडीवरून घेतली. मुद्दामच.

बरं, उस्तादांचा हा तोरा अगदीच हवेतला नव्हता. आईबापांच्या कडेवर पॅलेस्टाइनमधल्या याफाहून आलेलं हे पोर. एका पाट्या रंगवणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली अक्षर शिकलं आणि पुढे चाळीस-बेचाळीस वर्षं बलदमधली निम्मी दुकानं यांच्या अक्षरांत बोलत राहिली. दातांचे डॉक्टर, घड्याळजी, कबुतरांच्या दाण्याचा व्यापारी, सोनार, सगळे. ज्याला जसं अक्षर शोभेल तसं. सोनाराला लिहिलेलं अक्षर घड्याळजीला कधी दिलं नाही. आणि प्रत्येक पाटीखाली बारीक अक्षरांत स्वतःचं नाव. पुढे कॉम्प्युटरवर छापलेल्या पाट्या आल्या, एका दिवसात तयार आणि रात्री आतून उजळणाऱ्या. उस्तादांनी दुकानाला कुलूप लावलं, पण मान खाली घातली नाही. "चाळीस वर्षांत माझं एक टिंब इकडचं तिकडे झालेलं नाही," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेजाऱ्यांना पाठ झालं होतं. सुहानं शाळेत एकदा शुद्धलेखनात टिंब गाळलं, तर दोन दिवस हा माणूस लेकीशी बोलला नाही. ती पुढे गणिताची शिक्षिका झाली. कारण विचारलं की म्हणायची, "आकड्यांच्या डोक्यावर टिंबं नसतात ना, म्हणून."

उस्तादांना तोडीस तोड होता तो एकच, नज्मी. दोघं एकाच गुरूचे चेले. दोन गल्ल्या सोडून दुकानं. बोलणं बेताचं, टोमणे भरपूर. नज्मीचं उभं अक्षर पाहिलं की उस्ताद म्हणायचे, "याची कंबर धरलीय, शेक द्या." आणि नज्मी सगळ्यांना सांगायचा, "शौकतला अक्षरापेक्षा सही छान येते. म्हणून तर सगळीकडे करत सुटतो."

यंदा मेळ्यात एका बंद पडलेल्या सिनेमाघराच्या अंगणात बाजारातल्या जुन्या पाट्यांचं प्रदर्शन मांडलं होतं. तिथे जायला उस्ताद सकाळपासून उतावीळ झाले होते. आत शिरल्या शिरल्या त्यांना स्वतःच्या पाट्या दिसायला लागल्या. एक, दोन, पाच, अकरा! उस्तादांची छाती फुगली. अनोळखी माणसांना बाही धरून ते सांगत सुटले, "खाली वाचा. नाव वाचा. मीच तो." एका जोडप्यानं त्यांच्यासोबत फोटो काढला. सुहालाही मनातून अभिमान वाटत होता. डोळे भरून येत होते, पण तिनं चष्मा पुसायचं निमित्त केलं.

शेवटच्या भिंतीवर एकच पाटी होती. तिच्यासाठी वेगळा दिवा होता आणि पुढे सगळ्यात जास्त गर्दी. मळकट पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं: 'लहम खरूफ बलदी', गावठी मेंढ्याचं मटण. मेळ्याचं काम पाहणारी दीमा नावाची मुलगी लोकांना समजावून सांगत होती, "बलदमधली ही सगळ्यात देखणी पाटी. 'खरूफ'च्या ख-वरचं टिंब बघा. कडा कशा सुरीनं कापल्यासारख्या आहेत! ब्रशनं असं टिंब कसं काढलं असेल, देव जाणे. उद्या मेळा संपला की ही थेट संग्रहालयात जाणार." शेजारच्या कार्डावर लिहिलं होतं: अक्षरलेखन, उस्ताद नज्मी. आणि खाली खुर्चीत काठी टेकून, हातात कॉफीचा पेला घेऊन नज्मी बसला होता.

उस्तादांनी कार्ड पुन्हा वाचलं. पाटी त्यांची होती.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी अबू रजब नावाच्या खाटकासाठी त्यांनी ती लिहिली होती. अक्षर असं उतरलं होतं की तसं पुन्हा कधी उतरलं नाही, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. पाट्या रंगवणारे आधी अक्षरांची अंगं रंगवतात आणि ती वाळली की शेवटी टिंबं देतात. टिंबं देता देताच निरोप आला, बायकोला इस्पितळात नेलंय. उस्तादांनी ब्रश तसाच टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि धावत सुटले. मुलगी झाली. हीच सुहा. दोन दिवस आनंदात कसे गेले ते कळलं नाही, आणि तेवढ्यात अबू रजबच्या माणसांनी पाटी नेऊन दुकानावर चढवलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी उस्ताद मिठाई वाटत बाजारातून आले, आणि त्यांनी वर पाहिलं. ख-वरचं टिंब राहिलं होतं. ते टिंब गेलं की 'खरूफ'चं होतं 'हुरूफ', मेंढ्याची होतात अक्षरं. दुकानावर लिहिलेलं होतं: गावठी अक्षरांचं मटण.

अबू रजबला सुरी चालवता यायची, वाचता यायचं नाही. गिऱ्हाइकं मांडी आणि बरगड्यांकडे बघायची, वर कोण बघतो? पण ब्रश घेऊन शिडीवर चढावं, तर सगळ्या बाजाराला चूक कळणार, आणि नज्मी ती मरेपर्यंत सांगत फिरणार. उस्तादांनी मोठ्या डोक्याचा खिळा आणला, कानशीनं घासून त्याचं डोकं टिंबासारखं चौकोनी केलं, लाल रंगवलं, आणि दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन शिडीवर चढले. "पाटी हलतेय, एक खिळा ठोकतो," म्हणाले. खाटकानं खूश होऊन पावशेर कलेजी बांधून दिली. उस्तादांनी तीही घेतली. पण त्या पाटीखाली सही करायला त्यांचा हात धजावला नाही. तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं ते समोरच्या फुटपाथवरून जात आले होते.

"सुंदर आहे हो, बाबा," सुहा हळूच म्हणाली. "अम्मो नज्मींची असली तरी."

हे वाक्य वर्मी लागलं. गप्प राहिलं, तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम उद्यापासून कायमचं नज्मीच्या नावावर. बोललं, तर चाळीस वर्षांचा तोरा धुळीला, आणि तोही लेकीदेखत.

"नज्मी," उस्ताद पुढे झाले, "ही पाटी कुणाची?"

"वाचता येतं ना तुला? शेजारी लिहिलंय."

"मी तुला विचारतोय, पुठ्ठ्याला नाही."

नज्मीनं कॉफीचा घोट घेतला. "ही पोरं विचारायला आली. मी म्हटलं, असं लिहिणारे बलदमध्ये दोघंच. तुझी असती तर खाली नाव नसतं का? तू तर रॉकेलच्या डब्यावरही सही करतोस. नाव नाही, म्हणजे उरलो मी."

"लिहिल्याचं आठवतं तुला?"

"अठ्ठ्याहत्तर झाली मला. बायकोचं नाव आठवतं हेच पुष्कळ."

लोक हसले. दीमा गोंधळून पुढे आली. "अम्मो, तुमची आहे का ही? काही खूण सांगता येईल?"

बाहेर जिन्यावर कुणीतरी ऊद नावाचं तंतुवाद्य छेडत होतं. उस्ताद म्हणाले, "नाही, माझीच काहीतरी चूक होत असेल." सुहाच्या हाताला धरून दोन पावलं चाललेही. मग वळून पाहिलं. आपलं पोर दुसऱ्याच्या मांडीवर बसून हसताना दिसावं, तसं त्यांना झालं. ते परत फिरले.

"ते टिंब," ते मोठ्यानं म्हणाले, "टिंब नाही. खिळा आहे."

"काय?"

"खिळा. मी टिंब विसरलो होतो." त्यांनी सुहाकडे पाहिलं. "विसरलो. मग लाज झाकायला खिळा ठोकला. सही केली नाही ती म्हणूनच. पाटी फिरवून बघा, मागच्या लाकडी पट्टीतून टोक बाहेर आलेलं असेल."

दीमा स्टुलावर चढली आणि तिनं टिंबावरून बोट फिरवलं. "अरे देवा! साफ करताना हाताला लागलं होतं. मला वाटलं, रंग साचलाय." दोघातिघांनी मिळून पाटी उतरवून फिरवली. पट्टीतून गंजलेलं टोक बाहेर आलेलं होतं, नेमकं त्याच जागी. गर्दीत एकच गलका झाला.

सुहा बापाकडे बघत राहिली. "तुम्ही? टिंब विसरलात? कधी?"

"तू झालीस त्या दिवशी."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"छे. तू अगदी वेळेवर आलीस. पळालो मी."

शाळेतल्या त्या दोन दिवसांचा हिशेब मागावा की बापाला मिठी मारावी हे तिला कळेना. शेवटी तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

उस्ताद मात्र नज्मीकडे बघत होते. जो टोमणा त्यांनी इतकी वर्षं चुकवला होता, तो आता येणार होता. नज्मी काठी टेकत उठला, पाटीजवळ गेला, खिळ्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

"हरामखोरा!" तो ओरडला. "खिळा? एक्केचाळीस वर्षं त्या रस्त्यानं जातोय, मान वर करून बघतोय आणि घरी जाऊन तसं टिंब काढायला बसतोय. ब्रशाचे केस कापले, रंग घट्ट केला, पातळ केला. बायको म्हणाली याला वेड लागलं. आणि हा गाढव खिळा ठोकून मोकळा!"

सगळे हसत होते. फक्त सुहाच्या गणिती डोक्यात काहीतरी वाजलं. "थांबा, अम्मो. घरी जाऊन तसं टिंब काढत होता, म्हणजे ही पाटी तुमची नाही हे तुम्हाला माहीत होतं."

नज्मी रिकाम्या पेल्यात बघायला लागला. खोकला. "सही नव्हती ना," तो म्हणाला. आणि मग, आवाज उतरवून, "फार आवडायची मला. पोरांनी विचारलं, तुमची का? तोंडातून हो निघून गेलं."

रागावायला हवं होतं, पण उस्तादांना राग येईना. नज्मीला, त्या नाकावर माशी बसू न देणाऱ्या नज्मीला, आपली पाटी चोरावीशी वाटली होती! एवढी मोठी पावती त्यांना उभ्या जन्मात कुणी दिली नव्हती. ते नज्मीच्या खांद्यावर हात ठेवून इतके ताठ उभे राहिले की सुहाला त्यांची उंची वाढल्यासारखी वाटली.

दीमानं भिंतीवरचं कार्ड काढून टाकलं आणि शेजारी चित्र काढणाऱ्या पोरांकडून बारीक ब्रश आणि लाल रंग आणला. "अम्मो, कार्ड नवं करूच. पण नाव तुम्हीच लिहा. पाटीवर."

"संग्रहालयात जायच्या वस्तूवर?"

"अपुरी वस्तू आम्ही पाठवत नाही."

उस्ताद पाटीपुढे वाकले. आधी नावाची अंगं लिहिली, फुंकर घालून वाळू दिली. शौकत या नावाला आमच्या लिपीत पाच टिंबं लागतात. त्यांनी एकेक करून दिली आणि ब्रश खाली ठेवला.

"सरक," नज्मी म्हणाला आणि काठीचं टोक पाटीजवळ नेलं. "मोजू दे मला."

उस्तादांनी त्याला मोजू दिलं.