मोठ्या साहेबांच्या आवाजात

बडोद्याला शिकाऊ डॉक्टर झालो, तरी तालुक्याच्या शाळेत जडलेली नकला करायची खोड काही सुटली नाही. आमचे मोठे साहेब वॉर्डात राउंडला आले की चष्मा कपाळावर सरकवायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "जुओ काका, चिंता नहीं करवानी," म्हणजे बघा काका, काळजी करायची नाही. ते गेले रे गेले की मी तेच करून दाखवायचो. अख्खा वॉर्ड हसायचा. सगळ्यात जास्त हसायचे खिडकीजवळचे काका.

काका नागरवाड्यातले, मकरपुऱ्याच्या एका कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. मुलाने साहेबांसमोर हात जोडले. "बाबांना अल्सर आहे म्हणून सांगा. ते खचतील." साहेबांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. मग मला म्हणाले, "मी मुलाला समजावतो. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मला जवळ बसवलं.

"छोटे डॉक्टर, साहेबांची नक्कल कर."

"आत्ता? सिस्टर ओरडतील."

"हळू कर. मला काय झालंय ते साहेब सांगतायत, अशी कर."

"काका, अल्सर आहे ना."

"ते माझा मुलगा सांगतो. त्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. माझी लेक बेळगावला असते, दिवाळीला येणार आहे. तिला आत्ताच बोलावू का, तेवढं कळू दे."

मी चष्मा कपाळावर सरकवला. घसा खाकरला. "जुओ काका..." पुढचं रोजचंच होतं, पण तोंडातून निघेना.

काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग हात लांब करून त्यांनीच माझा चष्मा खाली नाकावर आणून ठेवला आणि थोडंसं हसले.

"आज जमली नाही रे तुला. लेकीला फोन लाव."

मी लावला. "ये गं चार दिवस," ते तिला म्हणाले, "काही नाही, आठवण आली." फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळले. "मला कळलंय हे मुलाला सांगू नकोस हं. खचेल तो."

संध्याकाळी मुलगा डबा घेऊन आला. जिन्यातच त्याने मला गाठलं.

"बाबांनी काही विचारलं का?"

"नक्कल करायला सांगितली."

"मग? हसले?"

"हसले थोडे," मी म्हणालो. तेवढंच खरं मला सांगता येत होतं.