उजव्या अंगानं

गाढवाच्या डोळ्याची सोनोग्राफी करते म्हटलं की लोक आधी हसतात. चुडाव्याकडच्या वीटभट्टीवर तर एका म्हातारीनं तोंडाला पदर लावून विचारलं, "डोळ्यात पिलू असतंय व्हय?" मलाही हसू आवरेना. काम माझं साधं होतं. गाढवाचा निरोगी डोळा आतून केवढा असतो, ते मोजायचं. त्यापायी मी भट्ट्या पालथ्या घालत होते, अन् ऊन असं की डोकं ठिकाणावर नसायचं.

तिथं एका नवरा-बायकोची पाच गाढवं होती. नवऱ्यानं पाचही पुढं केली. बायको मात्र एका गाढवीला सोडेना.

"हिला राहू द्या, बाई. ही बुजती."

"बुजू द्या, मी बघते," मी खेकसलेच जरा.

गाढवांच्या मागून चालायचं, ही हाकणाऱ्यांची रीत. ही बाई तिला घेऊन आली ती शेजारून, उजव्या अंगानं, मानेवर हात ठेवून. माझ्या ध्यानात आलं ते, पण मी विचार काही केला नाही.

पापणीला गार जेल लागलं की गाढव मान झटकतं, म्हणून जेलची नळी मी आधी काखेत धरून कोमट करायचे. डावा डोळा छान निघाला. उजवा बाहेरून तितकाच स्वच्छ, काळाभोर. मशीनवर पाहिलं अन् माझा हात थांबला. डोळ्याचा मागचा पडदा सुटून आत लोंबत होता. त्या डोळ्यानं तिला काहीच दिसत नव्हतं, आणि पुढंही दिसणार नव्हतं.

नवरा विटा रचायला गेला होता. बाई हळूच म्हणाली, "मला ठाऊक हाय. पर आमच्या ह्यांना नका सांगू. मागच्या जत्रंत लंगडी इकली त्यांनी. हिला बी इकतील. हिची माय मेली तवा माझ्या हातानं दूध पाजलंय हिला." आणि ती रडायलाच लागली. नाही सांगत म्हणाले.

ती चहा ठेवायला गेली तसा नवरा आला. गाढवीकडं बघत म्हणाला, "उजवा गेलाय न्हवं?"

मी गारच पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्या अंगानं गेलं की दचकती. म्या कवापासून डावीकूनच जातो. पर आमच्या घरात बोलू नका, डॉक्टरीणबाई. तिनं लय जीव लावलाय. कळलं तर जेवायची न्हाई ती."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, एका चुलीवर जेवता ना तुम्ही दोघं?" बाईला हाक मारली, दोघांना समोरासमोर उभं केलं आणि दिलेला शब्द मोडून सगळं सांगून टाकलं.

बाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. "इकता का मग तिला?"

"लंगडीला वझं झेपत न्हवतं, म्हणून इकली," तो म्हणाला. "हिला इकून तुला तोंड कसं दावू?"

"मंग आदी बोलायला काय झालं हुतं!" ती त्याच्यावरच खवळली. अन् डोळे पुसत हसली.

चहा झाला, गाढवं विटा घेऊन निघाली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. बाईला मागून चालता आलं असतं. पण ती गेली गाढवीच्या उजव्या अंगानंच, मानेवर हात ठेवून.