कासिल्दामावशी आणि न आलेली पेटी

आमच्या व्हाल्तोर्दोस गावात कासिल्दामावशीचा कुणावरच विश्वास नव्हता. पाववाला तिला मुद्दाम करपलेला पाव देतो, पाद्री तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव मिस्साच्या प्रार्थनेत पुटपुटून उरकतो, आणि उन्हाळ्यात चर्चची जुनी कमान बघायला येणारे पाहुणे फोटोच्या निमित्तानं कुलूप बघून ठेवतात, अशी तिची खात्री. पण या सगळ्यात पहिला मान शेजारच्या ओब्दुलियाचा. एकतीस वर्षांपूर्वी, डुक्कर कापायच्या दिवशी, मावशीचे रक्ताचे सॉसेज उकळताना सगळेच्या सगळे फुटले. चुलीपाशी ओब्दुलिया होती. "जाळ वाढवला तिनं. मुद्दाम!" तेव्हापासून बोलणं बंद.

तरी दर नवव्या दिवशी दोघींची गाठ पडायचीच. मारियामातेची मूर्ती असलेली, काचेच्या दाराची लाकडी पेटी आमच्याकडे घरोघरी फिरते. एका घरी एक दिवस, की दुसऱ्या संध्याकाळी सहाला शेजारी. हिवाळ्यात नऊच घरं उघडी असतात. ओब्दुलियाकडून पेटी मावशीकडे, तिच्याकडून माझ्याकडे. ओब्दुलिया तोंड न उघडता पेटी पुढे करायची आणि मावशी दारातच ती उघडून मूर्तीची बोटं मोजून घ्यायची.

त्या जानेवारीत पेटी बुधवारी मावशीकडे यायची होती, आणि गुरुवारी तिच्या नवऱ्याचा, गौदेन्सियोचा, स्मरणदिन. तो गेल्यापासून बारा वर्षांत असा योग पहिल्यांदाच आला होता. तिनं नवऱ्याच्या फोटोशेजारी पेटीसाठी इस्त्री केलेलं कापड अंथरून ठेवलं होतं.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता ती माझ्या दारात.

"बेनिता, आली का बघ पेटी! तारीख ठाऊक आहे ओब्दुलियाला. नवरा माझा, दिवस माझा, आणि पेटी हिच्या घरात!"

"मग जा की मागायला."

"मी? तिच्या दारात? मेले तरी नाही."

"शहरातल्या मुलीचे दिवस भरत आलेत ना तिच्या," मी म्हणाले. "ठेवली असेल आणखी एक रात्र, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून." मला गप्प बसवलं नाही. शिवाय मलाही ते खरंच वाटत होतं.

सकाळी मावशीला राहवलं नाही. मी माझ्या खिडकीतून बघत होते. ओब्दुलियाच्या धुराड्यातून धूर नव्हता, खिडक्या बंद.

"चूल विझवून बसलीय," मावशी खालून मला ओरडली. "घरात नाही असं वाटावं म्हणून! नाटकी!"

आमच्या गावात दिवसा किल्ली दारालाच असते. आतून कडी घालणारी एकटी ओब्दुलिया, तीही मावशीच्या भीतीनं. मावशीनं दार बडव बडव बडवलं. "ठेव, ठेव तुझ्याकडेच! देवाच्या आईलासुद्धा चोरलंस, चोरटे!" आतून ओ नाही. मी पडदा ओढून घेतला. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटत होती.

अकराला पाववाला व्हिसिनियो आला. भोंगा वाजला की गाडीपाशी पहिली ओब्दुलिया असायची.

"ओब्दुलिया कुठंय?"

"रुसलीय," मावशी म्हणाली.

त्यानं आमच्या दोघींकडे एकदा बघितलं आणि पुढच्या क्षणी ओब्दुलियाच्या दाराला खांदा देऊन कडी तोडली.

ओब्दुलिया दाराच्या आतच पडली होती. अंगात कोट, डोक्याला रुमाल, खुब्याचं हाड मोडलेलं. भिंतीपाशी पेटी, सरळ उभी, काचेला तडासुद्धा नाही. बुधवारी संध्याकाळी सहाला पाच कमी असताना ती पेटी द्यायला निघाली होती. सगळी रात्र थंड फरशीवर.

शहरातून रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला. मावशीनं तिला तीन गोधड्यांत गुंडाळलं आणि पाय चोळत बसली. स्ट्रेचरवर घेताना ओब्दुलियानं डोळे उघडले.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली.

"मग ओ का नाही दिलीस, बाई?"

"वाटलं, हसायला आलीस."

एकतीस वर्षांत दोघींचं झालेलं हे पहिलं बोलणं. चर्चची घंटा वाजायला लागली, गौदेन्सियोच्या मिस्साची.

"सोबत कोण येणार?" ड्रायव्हरनं विचारलं. "नातेवाईक आहे का कुणी?"

"मी येते," मावशी म्हणाली, आणि घरच्या चपलांतच गाडीत चढली.

"तुम्ही कोण?"

मावशीनं उत्तरासाठी माझ्याकडे बघितलं.

"पलीकडच्या घरातली," ती शेवटी म्हणाली. "दोघींच्या मध्ये एकच भिंत आहे."