अक्का, मी आणि दोन एडिटर

शैलजाचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरच्या घरी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटत होते. "मावशी, अत्ती गेली... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. अत्ती म्हणजे तिची आत्या, आणि माझी गौराक्का. त्याला आता पाच आठवडे झाले. पण तिच्याबद्दल बोलायला बसलं की रडू येण्याआधी हसूच येतं, आणि त्याचा सगळा दोष तिच्याकडे जातो.

कोल्हापुरातल्या मुलींच्या एका कॉलेजात आम्ही दोघी कॉम्प्युटर शिकवायचो. एकाच खोलीत, शेजारशेजारच्या टेबलांवर, बावीस वर्षं. ती नेसरीची, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या मशीनवर काहीतरी टाइप करायला गेले आणि अक्षरं उमटण्याऐवजी तिच्या प्रश्नपत्रिकेतल्या चार ओळी गायब झाल्या. तिचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर, मोडवाला होता. एका मोडमध्ये बटणं दाबली की अक्षरं उमटायची, दुसऱ्यात तीच बटणं हुकूम व्हायची: ओळ पूस, शब्द बदल, खाली जा. माझा एडिटर साधा, बिनमोडाचा. बटण दाबलं की अक्षर, बस्स. "माणसानं आधी ठरवावं की, लिहायचंय का दुरुस्त करायचंय," अक्का म्हणायची. "आणि काय ठरवलं तेच विसरलं तर?" मी विचारायचे. "तर आठवण करून द्यायला मी हाय की." हे भांडण रोज डब्यासोबत चालायचं...

निवृत्तीनंतर ती खेड्यांतून येणाऱ्या मुलींसाठी मराठीत कॉम्प्युटरचं पुस्तक लिहायला लागली. तेव्हा मला जरा आनंदच झाला, कारण मराठी कळफलक चालू असला की तिच्या एडिटरला हुकूम कळेचनात. लिहायला मराठी, हुकमाला इंग्रजी, परत मराठी. "सोड आता," मी म्हटलं. "न्हाय. काढतो मी वाट," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'काढतो'च म्हणतात. तीन दिवस खपून तिनं अशी सोय लावली की लिहायच्या मोडमध्ये आपोआप मराठी यावं आणि बाहेर पडताच इंग्रजी. मग मुद्दाम फोन करून मला तासभर ऐकवलं.

पुस्तक अर्धं झालं आणि तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला. जीव वाचला, पण ती गप्प झाली, आणि गप्प बसलेली अक्का आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. महिन्याभरानं मी माझा लॅपटॉप घेऊन गेले; साध्या एडिटरवर तरी लिहील, असं वाटलं. अक्षरं उमटली, पण मजकूर कापायला कंट्रोल आणि एक्स एकदम दाबावे लागतात, आणि एकट्या उजव्या हाताला ते झेपेना. म्हणून मी बटणं एकामागून एक दाबता येतील अशी सोय चालू करून दिली. तिनं कंट्रोल दाबलं, सोडलं. मग एक्स. ओळ गेली. आणि अक्का खोली दणाणेल अशी हसली. "अगं सुनंदा, एक बटण दाबलं आणि पुढच्याचा अर्थ बदलला. ह्यो मोडच की. तुझ्याच घरात शिरला."

त्याच दुपारी तिनं शैलजाला आपलं मशीन लावायला सांगितलं. तिच्या एडिटरचे बहुतेक हुकूम एकेका बटणाचेच. सावकाश, एका हातानं, ती परत लिहायला लागली आणि वर्षभरात पुस्तक पुरं झालं. मध्ये एडिटरच्या प्रकरणापाशी मात्र थांबली होती. "मोडवाल्याची बाजू मी लिहितो. दुसरी तू लिही," म्हणाली, "मी लिहिली तर ती हरंल." मी लिहिली. तिनं त्यातला एकही शब्द बदलला नाही, आणि स्वतःच्या बाजूच्या शेवटी एक वाक्य जोडलं: नव्यानं शिकणारीनं आधी सुनंदाबाईंचं ऐकावं.

गेल्या आठवड्यात त्या पुस्तकाच्या आणखी प्रती द्यायला मी कॉलेजात गेले. लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या मुली नेमकं तेच प्रकरण वाचत होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या माझ्या बाजूच्या निघाल्या. "म्याडम, त्यो मोडवाला कशाला पायजे मग?" शिरोळची एक मुलगी म्हणाली. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि उलट उत्तर द्यायला समोर कुणीच नव्हतं... मी खुर्ची ओढली, मशीन सुरू केलं आणि अक्काच्या बाजूनं भांडायला लागले. तास संपेपर्यंत त्यातल्या तिघी फुटल्या.