पार्किंगखालचं बावखल

आमचे हे बोलायचे बंद झाले तेव्हा मी आधी चिडले, मग रडले, मग त्यांना डॉक्टरकडे नेलं. सातिवलीतला त्यांचा गाळा बंद करावा लागला होता. मशिनं दुसऱ्याच्या टेंपोत चढताना त्यांनी उभं राहून बघितली, आणि घरी येऊन जे गप्प बसले ते बसलेच. चहा हवा का विचारलं तर मान. भाजी खारट झाली तरी मान. अहो, भांडा तरी! मी ही अशी तोंडाळ बाई, आणि विरारच्या त्या दोन खोल्यांत नुसता माझाच आवाज. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, मातीत काम असेल तर उत्तम, बोलतील हळूहळू. मला एवढंच हवं होतं. माझ्याशी एक धड, अख्खं वाक्य.

गास गावातल्या एका वाडीत फ्लॅटवाल्यांना भाजी लावायला वाफे मिळणार, असं शेजारणीने सांगितलं आणि मी ह्यांना घेऊन थडकलेच. वाडी एका म्हाताऱ्या काकूंची. केळी, अळू, फुलं विकून त्यांनी मुलांना शिकवलेलं. वाफ्यांची टूम त्यांच्या नोकरदार मुलाची.

वाडीच्या मधोमध बावखल होतं. म्हणजे धड विहीर नाही, धड तळं नाही, असा पाण्याचा मोठा खड्डा. त्यावरच पूर्वी सगळी बाग शिंपायचे. आता वर हिरवी साय धरलेली. संध्याकाळी निघताना काकू काठाशी थांबून त्या पाण्याला "येते हां" म्हणायच्या, आणि आम्हालाही म्हणायला लावायच्या. "रोज आपलं तोंड बघतं ते. न सांगता गेलं की वाट बघत बसतं." सगळे हसत हसत म्हणायचे. ह्यांच्या तोंडून "येतो" फुटलं ते तिथेच. पाण्याला "येतो", आणि बायकोला नुसती मान! मी कशाला म्हणतेय? मी पदर खोचून तरातरा फाटकाबाहेर निघून जायचे, एकदाही म्हटलं नाही.

असे वाफे द्यायला परवानगी लागते, हे आमच्या गावीही नव्हतं. हरित पट्टा पडला ना. नगररचनावाल्यांच्या अटी आल्या. पक्की शेड नको, काँक्रीटचं कुंपण नको, राहायला खोली नको. आणि गाड्या गावच्या गल्लीत लावायच्या नाहीत, वाडीच्या आत जागा दाखवा. मग पाहणी, मग परवानगी. आत जागा आणायची कुठून? इंचन् इंच वाफ्यांखाली गेलेली. सगळ्यांच्या नजरा बावखलाकडे वळल्या. माझीही वळली. कोण वापरतंय ते, नुसते डास! सगळ्यांनी हो म्हटलं. काकू तेवढ्या उठून घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. डंपरने माती आली, वर मुरूम, वर रोलर. नकाशावर तिथे 'वाहनतळ' लिहिलं. बावखल आधीही नकाशात कुणी दाखवलेलं नव्हतं, त्यामुळे खोडायचाही त्रास नव्हता.

ऐन चैत्रात तो मुरूम ओला राहायला लागला. आजूबाजूची माती तडकलेली, आणि हा तेवढा ओला. गाडी कुठल्याही कडेला लावा, परत येईस्तोवर मधल्या बाजूला कललेली. वाडीतलं कुत्रं तिथून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचं. आणि बेडूक. भर उन्हाळ्यात, पायाखालून. मी म्हणायचे, पाइप फुटला असेल. तिथे पाइपच नव्हता.

आणि ह्यांनी वाफा सोडून दिला. मुरुमाच्या मधोमध उकिडवे बसायचे आणि बोलायचे. अहो, भरभरून! लांबून हातवारे दिसायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. घरात मुका, आणि इथे जमिनीशी गप्पा? मी पाय आपटत जवळ गेले की लगेच गप्प. उठून मला दंडाला धरायचे आणि मुरुमाच्या बाहेर आणून सोडायचे. एकदा मात्र मागून गेले, तेव्हा कानावर पडलं, "नाही. नाही म्हटलं ना." दम दिल्यासारखा आवाज होता. तो आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

पाहणीला साहेब आले. शेड नाही, काँक्रीट नाही, साहेब खूश. मुरुमावर उभे राहून शहाळं पीत त्यांनी विचारलं, "इथे आधी काय होतं? पाणवठा वगैरे?"

"नाही सर, पडीक होतं," काकूंचा मुलगा म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी सगळ्यांत जोरात. परवानगी गेली तर वाफा जाणार, वाफा गेला की हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. मी पुढे होऊन साहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "पडीकच हो साहेब!" म्हणाले, आणि पायाला गार लागलं. माझ्या चपलांभोवती पाणी वर येत होतं. साहेबांच्या बुटांभोवती कोरडं ठक्क.

"बावखल आहे इथे!" हे ओरडले. "पाण्यावर उभे आहात तुम्ही! परवानगी देऊ नका. आधी हे उघडा!"

धड, अख्खं बोलले, तेही माझ्याशी नाही. साहेबांनी परवानगी नाकारली. बावखल पूर्ववत करा, मग अर्ज करा, तोवर वाफे बंद. निघताना आमच्याकडे कुणी बघेना.

विरारकडे येताना रिक्षात मी तोंड सोडलं. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात! कुणासाठी मी सगळ्यांच्या विनवण्या करत फिरले? त्या मातीशी तासन्‌तास बोलता, मग माझ्याशीच बोलताना जीभ झडते?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी, नीट.

"बोलत नव्हतो गं. उत्तरं देत होतो."

"कुणाला?"

"ते रोज विचारायचं. न सांगता जायची ती कुठेय? तिला घेऊन ये."

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. माझे पाय गार पडले होते.

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"काहीबाही. दमलीय. पाहुणे आलेत. स्वयंपाक राहिलाय. रोज नवं शोधायला लागायचं, घरी बसून तेच करायचो." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "आणि आज तू आपणहून जाऊन उभी राहिलीस. अगं, तुला पोहता कुठे येतं?"