कॅथेड्रल, तीन तिकिटं

सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता अण्णा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कोटाचे खिसे पाहिले. आतल्या खिशात रॉकेलच्या डब्याचं झाकण निघालं.

माझे वडील वाटूरचे शेतकरी. कोट त्यांच्याकडे एकच, तोही लग्नकार्यापुरता. अशा कोटात रॉकेलच्या डब्याचं झाकण कसं आलं हे सांगायचं, तर मला माझ्याच अकलेचं प्रदर्शन मांडावं लागेल. इतकी वर्षं मी ते टाळलं. अण्णा मात्र कधी टाळत नसत. पाहुणा टेकला की सुरू! आता ते नाहीत, म्हणून मी सांगतो. (ते माझी अक्कल होती त्यापेक्षा थोडी कमी करून सांगायचे. फार नाही, थोडीच.)

माझ्या जन्माच्या वेळी आई जालन्याच्या एका दवाखान्यात बावीस दिवस पडून होती. ती वाचेल असं कुणालाच वाटत नव्हतं. सुमन नावाच्या नर्सबाई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसल्या आणि आई वाचली. त्या बाईंना सगळे सिस्टर म्हणायचे. अण्णांनी वॉर्डबॉयला विचारलं, "सिस्टर म्हंजे काय बाबा?"

"बहीण."

झालं! त्या वर्षी भाऊबीजेला अण्णा लुगडं आणि तुरीची डाळ घेऊन वॉर्डात हजर.

"अहो, हे कशासाठी?" सिस्टरबाई गोंधळल्या.

"सारा दवाखाना तुमाला बहीण म्हणून राह्यलाय, अन् भाऊबीज कुणीच घालंना. हे काही बराबर न्हाई."

सिस्टरबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग त्यांनी अण्णांना ओवाळलं. निरांजन नव्हतं, म्हणून औषधाच्या ट्रेमध्ये मेणबत्ती लावली. तेव्हापासून वीस वर्षं अण्णांची एकही भाऊबीज चुकली नाही. सिस्टरबाई ख्रिस्ती आहेत, हे अण्णांना दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी कळलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "मंग नाताळाला पण जावं लागंल की!"

त्यांची मुलगी रूथ. अण्णांच्या तोंडी ती रुता. ती लहान असतानाच तिचे वडील वारले. तिचं लग्न औरंगाबादेत ठरलं, आणि सिस्टरबाईंचं पत्र आलं: 'अण्णा, रूथ हटून बसली आहे. आमच्यात मुलीला बाप हाताला धरून आत नेतो. ती म्हणते, माझा मामा आल्याशिवाय मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही. लग्न बरोबर अकराला. बसस्टँडवर उतरा आणि कुणालाही मोठं चर्च विचारा.' सोबत इंग्रजीत छापलेली पत्रिका होती.

अण्णांनी पत्र तीनदा वाचून घेतलं. "त्यांच्यात बाप नेतो, आपल्यात मामा आणतो. इथं बाप न्हाई, म्हंजे दोन्ही कामं माझ्याच अंगावर. उशीर झाला तर लेकरू दारात उभं राहील, सुधाकर. आपल्याला जल्दी निघाया पायजे."

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय इंग्रजी. पत्रिका मी हातात घेतली आणि तिथेच घात झाला.

"अण्णा, हे चर्च नव्हे. हे कॅथेड्रल आहे."

"म्हंजे?"

"चर्च कुठेही असतं. कॅथेड्रलमध्ये बिशपचं आसन असतं. दोन्ही एकच समजणं चूक आहे."

"पण सिस्टरबाईनं तर मोठं चर्च इचारा म्हणून लिव्हलंय," आई म्हणाली.

"त्यांनी आपल्याला समजावं म्हणून सोपं करून लिहिलंय. विचारायचं काम माझ्याकडे."

अण्णांनी माझ्याकडे मोठ्या अभिमानाने पाहिलं. (त्या प्रवासातलं हे शेवटचं अभिमानाने पाहणं.)

पहाटेच्या गाडीने आम्ही तिघे जालन्याला आलो, तिथून औरंगाबादेला. अण्णांनी धोतर, काळा कोट आणि नवा फेटा असा थाट केला होता. फेट्याला धक्का लागू नये म्हणून ते वाटभर मान न हलवता बसले होते. दहा वाजता आम्ही सिटी बसमध्ये चढलो. कंडक्टर आला.

"कॅथेड्रल, तीन तिकिटं," मी म्हणालो.

"काय?"

"कॅथेड्रल."

"कुठं?"

"कॅ-थे-ड्रल!"

"कंट्रोल का? मंग असं मोठ्यानं बोला ना भाऊ!" त्याने तीन तिकिटं फाडली.

मला बरं वाटलं. उच्चार सोडला तर माणसाला माहिती होती. त्याचा उच्चार सुधारून द्यावा असंही क्षणभर मनात आलं. पण गर्दी होती, म्हणून मी त्याला माफ केलं.

दोन स्टॉप गेले असतील. आई खिडकीशी होती. तिने माझी बाही ओढली. "सुध्या, हे बघ. दगडाचं केवढं उंच हाय. वर क्रूस पण हाय."

मी वाकून पाहिलं. कमानी, उंच मनोरा, दारात फुलांच्या माळा.

"ते साधं चर्च आहे आई. आपल्याला कॅथेड्रल गाठायचंय."

"दारात माणसंबी दिसून राह्यलीत नटलेली."

"असतील कुणी. आजचा मुहूर्त चांगला असेल."

 बस पुढे गेली. आणखी सात स्टॉप गेले.

"कंट्रोलवाले, उतरा!"

आम्ही उतरलो. समोर एक जुनी दगडी इमारत होती. तिला एक कमान होती आणि त्या कमानीतून वीस-पंचवीस माणसांची रांग बाहेर आली होती.

"एवढी रांग?" अण्णा म्हणाले.

"मोठं देवस्थान म्हटल्यावर रांग असणारच. ही कमान पाहा अण्णा. गॉथिक पद्धत आहे."

अण्णांनी कमानीला हात जोडले. आम्ही रांगेत उभे राहिलो. मंडळींच्या हातात पिशव्या होत्या, डबे होते.

"डबे कशाला रं?"

"त्यांच्यात पवित्र पाणी देतात. आपण तीर्थ घेतो तसं."

"येवढाले डबे भरून?"

"श्रद्धा असते, अण्णा."

"सुध्या," आई नाक वर करून म्हणाली, "हितं रॉकेलचा वास येतो."

"धूप असतो तो. परदेशी. त्याचा वास जरा उग्रच."

"मी चाळीस वरसं चुलीपाशी बसले. रॉकेल हाय ते."

"आई, मी पुस्तकात वाचलंय!"

यावर आईने पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली. तेवढ्यात आमच्या पुढची बाई मागे वळली. हातात पाच लिटरचा पत्र्याचा डबा. "दादा, एवढा डबा धरता का? कार्ड घरीच इसरले. कार्डाबिगर ते आत घेत न्हाईत."

"पाहिलंत?" मी अण्णांना म्हणालो. "इथे निमंत्रणपत्रिका दाखवावी लागते. आपली काढून ठेवा." अण्णांनी डबा धरला आणि बाई कार्ड आणायला घराकडे पळाली. आपला नंबर आला की पाणी पटकन घेता यावं, म्हणून मीच त्यांना डबा उघडून ठेवायला सांगितलं. त्यांनी झाकण काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं; पुढच्या धांदलीत ते आम्हा दोघांच्याही लक्षातून गेलं.

एक-एक माणूस पुढे सरकत आम्ही कमानीखाली पोचलो, तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. आत एक टेबल, एक तराजू आणि मळकी बंडी घातलेला एक गृहस्थ. बिशपच्या मानाने हे आसन फारच साधं वाटलं. मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

"कार्ड," गृहस्थ म्हणाले.

अण्णांनी दोन्ही हातांनी लग्नाची पत्रिका पुढे केली. "मी पोरीचा मामा. वाटूरहून आलोय."

गृहस्थांनी पत्रिका उलटीसुलटी केली, तिच्यावर छापलेल्या सोनेरी घंटा पाहिल्या, मग अण्णांचा फेटा पाहिला. "मामा, मुलगी कुणाचीबी असू द्या. रेशनकार्ड लागंल."

"लग्नाला रेशनकार्ड?"

"लग्न? हे कंट्रोलचं दुकान हाय हो! आज रॉकेल अन् साखर आल्ती, म्हणून गर्दी!"

मराठवाड्यात रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. मला हे जन्मापासून माहीत होतं. आमच्या घरची साखर कंट्रोलची, माझ्या शाळेच्या सदऱ्याचं कापड कंट्रोलचं. पण त्या दिवशी मी इंग्रजीत विचार करत होतो!

मागची सगळी रांग हसत होती. अण्णा हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि इतक्या हळू आवाजात बोलले की मला ते अजून ऐकू येतं. "सुधाकरराव, लेकरू दारात उभं असंल."

अण्णा मला राव लावायचे तेव्हा मी नापास झालेला असायचो.

आम्ही रस्त्याकडे धावलो. फेटा एका बाजूला कललेला, धोतराचा सोगा हातात. समोरून परतीची बस आली. तीच बस, तोच कंडक्टर. मी तोंड उघडणार तोच आईने मला मागे लोटलं.

"मोठं चर्च! तीन!"

"मोठं चर्च? मावशी, ते तर मघाशी तुमच्या खिडकीवरूनच गेलं न्हाई का!"

मी हातातली तीन तिकिटं फार लक्षपूर्वक मोजली. 

"मी म्हणलं होतं," आई म्हणाली. "क्रूस पण दाखवला होता."

अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही पोचलो. रूथ पांढऱ्या साडीत दाराच्या पायरीवर उभी होती. फादर घड्याळ पाहत होते. आत बाजावाल्या बाई तीच धून पुन्हापुन्हा वाजवून घामाघूम झाल्या होत्या. सिस्टरबाई रस्त्याकडे डोळे लावून होत्या. "आले!" म्हणून त्या ओरडल्या, आणि रूथने धावत येऊन अण्णांचा हात धरला.

"मामा, मी म्हटलंच होतं, तुम्ही येणार. पण... हे काय?"

अण्णांच्या दुसऱ्या हातात तो डबा होता!

घाईत तो कुणाच्याच लक्षात आला नव्हता. मी पुढे झालो. "अण्णा, द्या इकडे."

"बिलकुल न्हाई. एका बाईनं इश्वासानं दिलाय. तुझ्या हाती दिला तर कुठं पोचंल, काही भरवसा न्हाई."

फादर काही बोलणार होते. पण उशीर झाला होता. मग बाजा सुरू झाला, सगळे उभे राहिले, आणि लाल गालिच्यावरून माझे वडील निघाले. उजव्या हाताला नवरी, डाव्या हातात डबा. मान ताठ. फेटा कललेला. दोन्ही बाजूंचे लोक आधी डब्याकडे पाहत आणि मग रूथकडे. रूथ इतकी हसत होती की तिचे डोळे पुसायला सिस्टरबाईंना पुढे यावं लागलं. नवरदेवाजवळ पोचल्यावर अण्णांनी तिचा हात त्याच्या हातात दिला आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या जावईबापू. उशीर माझ्यामुळं न्हाई झाला."

जेवणं सुरू झाली तेव्हा मला डबा परत करायला पाठवण्यात आलं. बसमध्ये मी शहाण्यासारखा, मोठ्यानं, "कंट्रोल, एक," म्हणालो. ती बाई कमानीखाली कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने डबा घेतला, आत पाहिलं, बाहेर पाहिलं.

"झाकण?"

"कुठलं झाकण?" मी म्हणालो.

पुढे ती जे बोलली त्यातलं बरंचसं मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. परतलो तेव्हा पंगती उठल्या होत्या.

अण्णांना झाकण कधी सापडलं आणि त्यांनी ते का ठेवलं, मला माहीत नाही. पाहुण्यांना गोष्ट सांगतानाही त्यांनी झाकणाचं नाव कधी काढलं नाही. रूथच्या घरी लग्नाचा फोटो आहे. त्यात अण्णा आहेत, रूथ आहे, डबा आहे.

काल मी झाकण आईच्या हातात दिलं. तिने ते बराच वेळ नाकाशी धरलं.

"अजून रॉकेलचा वास येतो," ती म्हणाली.

या वेळी मी वाद घातला नाही. झाकण माझ्या टेबलावर आहे.